मगनलाल गांधी : सुताचे ज्ञान, ज्ञानाचे दान

श्रावकाच्या आचारधर्मात दानाला मोठे स्थान आहे. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे त्याचे चार प्रकार परंपरेने सांगितले आहेत. आहार व औषध देणारे हात सर्वत्र दिसतात. ज्ञानदानाचे मोल मात्र बऱ्याचदा पुढच्या पिढ्यांनाच कळते. यवतमाळ जिल्ह्याच्या शेजारी असलेल्या कारंजा (लाड) येथील शास्त्रभांडारांत शेकडो वर्षे बासनात बांधून जपलेली हस्तलिखिते विसाव्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांच्या परिश्रमाने प्रकाशात आली आणि अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. ज्या श्रावक-श्राविकांनी ती लिहवून भांडारात अर्पण केली, त्यांना हा दिवस पाहता आला नाही. पण त्यांचे दान वाया गेले नाही.

जे ग्रंथांचे, तेच अवजारांचे आणि वस्त्रांचे. वर्धा नदीच्या पलीकडे, वर्धा शहरातील मगनवाडीत एक संग्रहालय आहे. तेथे राजवस्त्रांचा थाट नाही, जडजवाहीर नाही. निरनिराळे चरखे, खादीचे नमुने आणि खेड्यांतील उद्योगांची अवजारे तेथे जपलेली आहेत. महात्मा गांधींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याचे नाव मगन संग्रहालय. ज्या मगनलाल गांधींच्या नावाने ते ओळखले जाते, त्यांनी आपल्या आयुष्यात स्वतःसाठी काहीही साठवले नाही. संग्रह न करणाऱ्या माणसाच्या नावाने संग्रहालय उभे राहावे, यातील अर्थ त्यांचे चरित्र पाहिल्यावर उलगडतो.

व्यापाराकडून व्रताकडे

मगनलाल खुशालचंद गांधी यांचा जन्म १८८३ साली झाला. नात्याने ते महात्माजींचे पुतणे. खुशालचंद हे गांधीजींचे चुलत भाऊ. घराणे मोढ वणिक वैष्णवांचे. काठेवाडातील इतर वणिक तरुणांप्रमाणे परदेशात जाऊन चार पैसे मिळवावेत, हाच त्यांचाही विचार होता. त्या हेतूने १९०३ साली ते गांधीजींबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथे दुकानदारी करू लागले.

१९०४ साली दरबानजवळ फिनिक्स येथे गांधीजींनी आश्रमवजा वसाहत स्थापन केली. शेतीत राबावे, छापखाना चालवावा, सर्वांनी सारखेच घ्यावे अशी तेथील रीत होती. आप्तांपैकी जे तेथे आले, त्यांतले काही कालांतराने पुन्हा व्यापाराकडे वळले. मगनलालांनी मात्र दुकान कायमचे सोडले. छापखान्याचा पूर्वानुभव नसतानाही त्यांनी खिळे जुळवण्यापासून सर्व कामे थोड्याच दिवसांत आत्मसात केली. हाताने करावयाचे कोणतेही काम नीट पाहायचे, त्यामागची युक्ती ओळखायची आणि ते स्वतः करून मगच दुसऱ्याला शिकवायचे, हा त्यांचा स्वभाव तेथेच घडला.

१९०७-०८ च्या सुमारास तेथील भारतीयांच्या लढ्याला योग्य नाव सुचवावे म्हणून 'इंडियन ओपिनियन' पत्राने बक्षीस लावले. मगनलालांनी सदाग्रह हा शब्द सुचवला. गांधीजींनी त्यात थोडा बदल करून सत्याग्रह हा शब्द रूढ केला. पुढे जगभर गेलेल्या या शब्दाच्या मुळाशी मगनलालांचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्समधील पहिली तुकडी तुरुंगात गेली. तीत कस्तुरबांबरोबर मगनलालांच्या पत्नी संतोकबेन होत्या, तसेच गांधीजींचे जैन स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या कन्या जयकुंवरही होत्या. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. मगनलालांच्या वाट्याला तुरुंगाचा मान आला नाही. फिनिक्स आणि छापखाना चालू ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. नाव दुसऱ्यांचे व्हावे आणि कामाचा भार आपण उचलावा, हेच पुढे आयुष्यभर घडत गेले.

कसोटीचा प्रसंग

फिनिक्सची मंडळी भारतात परतली तेव्हा त्यांचे नेतृत्व मगनलालांकडेच होते. गुरुकुल कांगडी आणि नंतर शांतिनिकेतन येथे राहतानाही त्यांनी फिनिक्सचे नियम ढळू दिले नाहीत. २५ मे १९१५ रोजी अहमदाबादजवळ कोचरब येथे सत्याग्रहाश्रम स्थापन झाला आणि त्याची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

काही महिन्यांतच दुदाभाई, त्यांच्या पत्नी दानीबेन आणि लहानगी लक्ष्मी हे अस्पृश्य मानले जाणारे कुटुंब आश्रमात राहावयास आले. गावात खळबळ उडाली. देणगीदारांनी हात आखडता घेतला. विहिरीवर त्रास होऊ लागला. याहून कठीण गोष्ट अशी, की विरोध आश्रमाच्या आतही होता. संतोकबेनना हे मान्य होईना आणि मगनलालांचेही मन द्विधा झाले. आश्रम सोडून जाण्यापर्यंत वेळ आली. अखेर त्या दोघांनी काही महिने मद्रासकडे जावे आणि विणकाम शिकावे असे ठरले. तेथून ती दोघे परतली, ती मनातील अढी काढून आणि हातात नवी कला घेऊन. मोठ्या माणसांच्या चरित्रात असे प्रसंग झाकले जातात. मगनलालांच्या बाबतीत ते झाकण्याचे कारण नाही. जन्मापासून अंगवळणी पडलेला संस्कार सोडणे हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण त्याग होता.

याच पेचाच्या काळात एके दिवशी आश्रमाची शिल्लक संपल्याची आणि पुढच्या महिन्यासाठी काहीच नसल्याची वार्ता मगनलालांनीच गांधीजींना दिली. आश्रम बंद करून अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन राहण्याची तयारी झाली. तेवढ्यात एक शेटजी मोटारीतून दाराशी आले, मदत घ्याल का म्हणून विचारून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी येऊन १३,००० रुपये हाती देऊन निघून गेले. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत त्यांचे नाव दिले नाही. ते शेटजी म्हणजे अहमदाबादचे जैन गिरणीमालक अंबालाल साराभाई, हे नंतर सर्वांना कळले. पावती नाही, पाटी नाही, अट नाही. असे ते दान होते. त्यामुळे आश्रम तगला आणि मगनलालांच्या हातून पुढे जे घडायचे होते, त्याला जागा मिळाली.

कोचरबला प्लेगची साथ आल्यानंतर आश्रमाने १९१७ साली जागा बदलली. साबरमतीच्या काठची नवी जमीन शोधून देण्यात श्रीमद् राजचंद्रांचे अनुयायी पुंजाभाई हिराचंद यांनी पुढाकार घेतला. आश्रमाच्या वाटचालीत जैन गृहस्थांचे साहाय्य असे वेळोवेळी लाभत गेले.

माग, चरखा आणि मुक्त झालेली विद्या

स्वदेशी वस्त्राचा आग्रह धरणाऱ्या त्या आश्रमात आरंभी कारागीर असा एकही नव्हता. कोणी वकिली सोडून आलेला, कोणी व्यापार. माग आणले, पण विणणार कोण? पालनपूरहून एक जाणकार विणकर आणला गेला. त्याने थोडे शिकवले आणि बरेचसे स्वतःजवळच ठेवले. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या पोटाशी धरलेली विद्या दिली तर पोटाचे काय, ही भीती प्रत्येक कारागिराला असते. मगनलालांनी मात्र हार मानली नाही. यंत्रांची उपजत जाण असल्यामुळे त्यांनी ताणा कसा लावावा, वही कशी भरावी, फणी कशी ओवावी, धोटा कसा फेकावा हे सारे उकलून घेतले आणि एकामागून एक नवे विणकर तयार केले.

विणण्यासाठी सूत गिरणीचेच घ्यावे लागत होते. हाताने सूत कातणारा चरखा तर कोणी पाहिलाही नव्हता. पुष्कळ शोधानंतर गंगाबेन मजुमदार यांना बडोदे संस्थानातील विजापूर येथे माळ्यावर टाकून दिलेले चरखे सापडले. पेळू मिळाले तर सूत कातून देण्याची तयारी तेथील स्त्रियांनी दाखवली. अडगळीतले ते लाकूड पुन्हा फिरू लागले. मुंबईत रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या मणिभवनातही गांधीजींच्या खोलीत चरख्याचा नाद घुमू लागला. मणिभवनाचे धनी रेवाशंकरभाई हे डॉ. प्राणजीवन मेहतांचे बंधू.

विजापूरचा चरखा आश्रमात आल्यावर मगनलालांनी त्यात अनेक सुधारणा केल्या. चरखे आणि त्यांचे भाग आश्रमातच बनू लागले. सरकी वेगळी करणारा रेचा, पिंजण, पेळू, चाती, माळ, अटेरण अशा प्रत्येक वस्तूचा त्यांनी अभ्यास केला. कापूस शेतातून निघाल्यापासून अंगावर वस्त्र येईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला काय लागते, कोठे सूत तुटते, का तुटते याचा शोध घेतला. हे सारे त्यांनी 'वणाटशास्त्र' या गुजराती पुस्तकात मांडले. पालनपूरच्या विणकराने जे हातचे राखले होते, ते मगनलालांनी छापून कोणाही शिकणाऱ्यापुढे ठेवले. ज्ञानदान या शब्दाचा याहून नेमका अर्थ सांगता येणार नाही.

सूतदान आणि त्याची नोंद

मार्च १९२२ ते फेब्रुवारी १९२४ या काळात गांधीजी कारावासात होते. आश्रमाचा संपूर्ण भार तेव्हा मगनलालांवर होता. १९२४ साली काँग्रेसने ठराव केला, की प्रातिनिधिक संस्थांच्या प्रत्येक सभासदाने दरमहा २,००० वार स्वतः कातलेले सूत खादी मंडळाकडे पाठवावे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेळगावच्या अधिवेशनात गांधीजी अध्यक्ष होते आणि तेथे सुताची वर्गणी सभासदत्वाशी जोडली गेली. पैशाऐवजी श्रमाचे दान देण्याची ही कल्पना वर्षभरानंतर ऐच्छिक झाली. पण देशातील थोरामोठ्यांनी काही काळ तरी चाती हाती धरली.

हे सूत साबरमतीला येई. ते तपासण्याचे काम मगनलालांच्या देखरेखीखालील तांत्रिक विभागाकडे होते. सूत आले म्हणून ते तसेच ढिगात टाकले जात नसे. लांबी किती, वजन किती, अंक कितवा, पीळ सारखा आहे की नाही, मजबुती किती हे पाहिले जाई. ज्याचे सूत कच्चे असेल त्याला ते सांगितले जाई. मग तो पुढारी का असेना. नोंदीशिवाय आलेली सुताची लडी ही केवळ लडी असते. ती कोणाची, कोठल्या कापसाची, कितव्या अंकाची हे कळले की ती बोलू लागते. हस्तलिखिताच्या शेवटी असलेली प्रशस्ती जे काम करते, तेच काम सुताच्या लडीवरची चिठ्ठी करते. ग्रंथ कोणी लिहवला, कोणत्या लेखकाने लिहिला, कोणत्या गावी, कोणत्या संवतात, हे प्रशस्तीवरून कळते. म्हणूनच तो ग्रंथ अभ्यासकाला उपयोगी पडतो.

सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. हातकताईवरील निबंधासाठी रेवाशंकरभाईंनी १,००० रुपयांचे पारितोषिक ठेवले होते. त्याच्या परीक्षकांत गांधीजी, अंबालाल साराभाई आणि शंकरलाल बँकर यांच्या पंक्तीला मगनलाल होते. कोणत्याही तंत्रशाळेत न गेलेल्या माणसाला हा अधिकार त्याच्या हातांनी मिळवून दिला होता.

अकाली अंत

मगनलालांची कन्या राधाबेन बिहारमध्ये पडदा प्रथेविरुद्ध काम करीत होती. त्या निमित्ताने ते बिहारला गेले असता आजारी पडले आणि २३ एप्रिल १९२८ रोजी पाटणा येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचेचाळीस. चोवीस वर्षे त्यांनी एकाच ध्येयाची सेवा केली होती. आपले हात, पाय आणि डोळे गेल्याची भावना गांधीजींनी व्यक्त केली. ज्याला ते आपला वारस मानत होते, तोच आधी निघून गेला होता. संतोकबेनपेक्षाही आपलेच सौभाग्य अधिक हरपले, अशा आशयाचे त्यांचे दुःख होते. मगनलालांच्या मागे इस्टेट नव्हती. मागे होते ते चालते माग, शिकलेले हात आणि एक पुस्तक.

मगनवाडी ते मगन संग्रहालय

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. त्यासाठी जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि घर दिले. बजाज घराण्याचे नाव तिला देता आले असते. तिला मगनवाडी हे नाव मिळाले. गांधीजी १९३५ साली तेथे राहावयास आले आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला गेले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत घाणी, हातकागद, मधमाशीपालन यांसारख्या उद्योगांचे प्रयोग चालवले. काँग्रेसच्या अधिवेशनांत, विशेषतः १९३६ च्या फैजपूर येथील अधिवेशनात, खादी व ग्रामोद्योगांची प्रदर्शने भरत. पण प्रदर्शन उठले की वस्तू पांगतात. कायमचे घर हवे, ही निकड १९३८ साली मगन संग्रहालयाने भागवली.

मगनलालांचे चुलतभाऊ-पुतणेही त्याच वाटेने गेले. त्यांचे पुतणे प्रभुदास गांधी यांनी पायाने फिरणारा आणि दोन्ही हातांनी कातता येणारा चरखा तयार केला. त्याला मगन चरखा हेच नाव देण्यात आले. येरवडा तुरुंगात आकाराला आलेला पेटीचा चरखा, साधी टकळी, मोठ्या चाकाचा जुना चरखा अशी चरख्यांची परंपरा पाहिली, म्हणजे एका साध्या अवजारात किती बुद्धी ओतली गेली आहे हे ध्यानात येते.

याच्या जोडीला आणखी एक संग्रहालय आठवते. संकटात आश्रमाला हात देणाऱ्या अंबालाल साराभाईंचे पुत्र गौतम आणि कन्या गीरा यांच्या पुढाकाराने १९४९ साली अहमदाबादेत कॅलिको वस्त्रसंग्रहालय सुरू झाले. तेथे राजदरबारांतील वस्त्रे, छापील कापडे, भरतकाम आणि मंदिरांतील वस्त्रवैभव जपले गेले. एकीकडे वस्त्राचे सौंदर्य, दुसरीकडे वस्त्रामागचे श्रम. दोन्ही जपले गेले तरच वस्त्राचा इतिहास पूर्ण होतो आणि त्या दोन्हींच्या मुळाशी कोचरबच्या दाराशी झालेली ती एक भेट आहे.

दात्याने काय द्यावे

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. येथील कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तेथून मुंबईकडे जात असे. जिनिंगचे कारखाने, अडत, रुईच्या गाठी यांच्याशी येथील अनेक जैन कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध राहिला. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर चरखा, टकळी, अटेरण, तराजू-मापे, वहीखाते, आजीच्या हातची गोधडी, लग्नातला शालू, साधु-साध्वींच्या आगमनप्रसंगी लावलेले जरीचे चंदरवे यांपैकी काही ना काही असतेच. घर नव्याने बांधताना ते भंगारात जाते किंवा जर वितळवून विकली जाते. विजापूरच्या माळ्यावरचे चरखे गंगाबेनच्या दृष्टीस पडले नसते, तर त्यांचेही जळणच झाले असते.

अशी वस्तू संग्रहालयाला देणे हे ज्ञानदानच होय; पण त्याला मगनलालांचा काटेकोरपणा हवा. वस्तू देताना ती कोणी वापरली, कोणत्या गावात, साधारण कोणत्या साली, कशासाठी, तिचे भाग कोणत्या नावांनी ओळखले जात, हे लिहून द्यावे. घरातील वृद्ध हयात असतानाच ते विचारून ठेवावे, कारण त्यांच्यामागे सांगणारे कोणी उरत नाही. जुने वस्त्र धुऊन, इस्त्री करून, रंग लावून देऊ नये. ते जसे आहे तसेच द्यावे. उन्हाने रंग उडतो, घडीवर जर तुटते, लोखंडी टाचणीचा गंज कापडाला खातो. म्हणून ते सैल गुंडाळून, स्वच्छ सुती कापडात ठेवून न्यावे. तुटलेला चरखा दुरुस्त करून देण्याचा मोहही टाळावा. झिजलेल्या चातीवरच कातणाऱ्या बोटांचा इतिहास कोरलेला असतो.

आणि दान दिल्यावर पाटीचा आग्रह धरू नये. चिठ्ठीवर पहिले नाव असावे ते ज्याने वस्तू घडवली आणि वापरली त्याचे. विणणाऱ्याचे, कातणाऱ्या आजीचे, सुताराचे. दात्याचे नाव त्याखाली आले तरी पुरे आणि नाही आले तरी दानाचे पुण्य उणे होत नाही. अंबालालशेटनी १३,००० रुपये देताना नाव सांगितले नव्हते. मगनलालांनी आपल्या हयातीत कोठे नाव कोरले नाही. त्यांचे नाव लागले ते इतरांच्या कृतज्ञतेतून.

परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत श्रावकाला सांगितले आहे. घरात अडगळ म्हणून पडलेली वस्तू योग्य स्थळी पोहोचली, की एका घराचा परिग्रह कमी होतो आणि समाजाचा ठेवा वाढतो. वर्धा नदीपलीकडच्या मगनवाडीतील चरखे हेच सांगत आहेत. ज्याने शिकलेली विद्या लपवली नाही आणि मिळालेले काही साठवले नाही, त्या मगनलाल गांधींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.